निराधारचा अर्ज : पटवाऱ्याच्या साझ्यापासून पासबुकातल्या एंट्रीपर्यंत

गावात शेजारची काकू एक दिवस कागदांची पिशवी घेऊन येते आणि म्हणते, "बाबू, तू शिकलेला आहेस, मायं निराधारचं पाहून दे ना." असं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे. तुम्ही कोणी अधिकारी नाही, दलाल नाही, वकीलही नाही. तरीही तिचा अर्ज मंजूर होऊ शकतो. फक्त एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: तोंडी उत्तरावर परत फिरायचं नाही. "या पुढच्या आठवड्यात", "साहेब नाहीत", "अजून एक कागद लागते" असं काहीही ऐकलं तरी तारीख, सही किंवा शिक्का असलेला काहीतरी पुरावा हातात घेऊनच ऑफिसातून निघायचं. काकूची एक चक्कर म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी गेली, वर काळीपिवळीचं जाण्यायेण्याचं भाडं. तिच्यासाठी हा खर्च फार मोठा आहे.

आधी ती कोणत्या योजनेत बसते ते बघा

सरकार दर महिन्याला देतं त्या मदतीला गावात सरसकट 'निराधारचा पगार' म्हणतात, पण त्यात वेगवेगळ्या योजना आहेत. 65 वर्षांखालची विधवा, घटस्फोटित, नवऱ्यानं टाकलेली बाई, अनाथ मूल, किमान 40 टक्के अपंगत्व असलेली व्यक्ती, कॅन्सर, क्षयरोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारानं कमाई बंद झालेला माणूस, हे सगळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेत येतात. 65 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी निवृत्तीवेतन योजना त्याला जोडली जाते. हा हिशेब तहसीलीतली संजय गांधी शाखा लावते. तुम्ही काकूचा दारिद्र्यरेषेचा क्रमांक ग्रामपंचायतीतून काढून अर्जावर लिहिला म्हणजे झालं.

रक्कम महिन्याला 1,500 रुपये आहे. 2023 च्या आधी 1,000 होती. दिव्यांगांसाठी ती 2025 मध्ये 2,500 करण्यात आली. अट अशी की महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे.

नवरा कमावता असताना गेला असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि मृत माणसाचं वय 18 ते 59 च्या दरम्यान असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. हा अर्जही त्याच शाखेत जातो. कित्येक बायकांना तो कोणी सांगतच नाही, आणि फार दिवस लोटल्यावर तो मंजूर करून घेणं अवघड होतं. म्हणून दोन्ही अर्ज सोबतच द्या.

शेतकरी आत्महत्येच्या घरातल्या बाईबद्दल थोडं वेगळं सांगतो. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलढाणा या भागात अशी घरं कमी नाहीत. एक लाखाची मदत मिळण्यासाठी जिल्हा समिती नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा अशी कारणं तपासते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. 'अपात्र' असा कागद हातात पडला की बाई खचते आणि समजते की आता आपल्याला कुठूनच काही मिळणार नाही. तसं नाही. तो निर्णय फक्त त्या मदतीपुरता असतो. ती विधवा आहे आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसते, एवढ्यावर तिचा निराधारचा अर्ज स्वतंत्रपणे उभा राहतो. हे तिला समोर बसून नीट समजावून सांगा.

कागद जमवताना नावं जुळवून घ्या

यादी मोठी दिसते, पण अवघड नाही: आधार कार्ड, राशन कार्ड, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, फोटो, आणि ज्या कारणासाठी अर्ज आहे त्याचा पुरावा. विधवेसाठी नवऱ्याचा मृत्यू दाखला, दिव्यांगासाठी प्रमाणपत्र, घटस्फोटितेसाठी कोर्टाचा आदेश, आजाऱ्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला.

अर्ज अडकतो तो कागद नसल्यामुळे कमी आणि नाव न जुळल्यामुळे जास्त. आधारवर 'कमलाबाई', राशन कार्डावर 'कमला', पासबुकात माहेरचं आडनाव, आणि नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यात गावात हाक मारायचं नाव. म्हणून तहसीलला जायच्या आधी सगळे कागद चटईवर पसरा आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख एकेका कागदावर बोट ठेवून वाचा. इंग्रजी स्पेलिंगही बघा, कारण बँकेच्या कॉम्प्युटरला तेच दिसतं.

फरक सापडला तर कोणता कागद दुरुस्त करायचा ते विचार करून ठरवा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे आधारला घाईघाईनं हात लावू नका. आधार बरोबर असेल तर बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे करून घ्या. राशन कार्डावरचं नाव तहसीलीतल्या पुरवठा शाखेत दुरुस्त होतं, पासबुकातलं बँकेत. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडे म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख बहुतेकदा 1 जानेवारी अशीच असते, आणि वर्ष अंदाजानं टाकलेलं असतं. आधारप्रमाणे 58 आणि खरं वय 68 असं असेल तर श्रावणबाळ मिळत नाही. अशा वेळी शाळेचा दाखला, जन्मनोंद, जुनी मतदार यादी, यांतलं काही सापडतं का ते बघा. काहीच नसेल तर सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला मिळतो का, हे शाखेत विचारून घ्या. आणि तोवर ती बाई विधवा किंवा आजारी असेल तर वयाची वाट बघत बसू नका, संजय गांधीमधून अर्ज टाका.

मृत्यू दाखल्याबाबत लोकांच्या खूप चकरा वाया जातात. मृत्यूची नोंद माणूस जिथं राहत होता तिथं होत नाही, जिथं मेला तिथं होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दाखला नागपूरहून येईल. सेवाग्रामच्या दवाखान्यात झाला असेल तर त्या हद्दीतल्या निबंधकाकडून. गावचा ग्रामसेवक तो देऊच शकत नाही, आणि त्याच्यावर रागावून उपयोग नाही. घरीच मृत्यू झाला असेल तर मात्र ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत फुकट नोंद होते. वर्ष उलटून गेलं असेल तर पूर्वी कोर्टातून आदेश आणावा लागत असे. ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आणि हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. दाखला हाती आला की नवऱ्याचं नाव तिथंच उभं राहून वाचा. चूक असेल तर निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.

दिव्यांग प्रमाणपत्र आता 'यूडीआयडी' (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डाच्या रूपात मिळतं आणि तपासणी मुख्यतः जिल्हा रुग्णालयात होते. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली 200 किलोमीटरच्या आसपास पडते. अंथरुणावरच्या माणसाला तिथं नेणं म्हणजे घरादाराची परीक्षा. तालुक्याला तपासणीचं शिबिर कधी आहे ते आशाताईला विचारून ठेवा आणि ऑनलाइन नोंदणी आधीच करून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला

21,000 रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात कोणतंही घर चालत नाही, हे काकूला माहीत आहे, पटवाऱ्यालाही (म्हणजे तलाठ्यालाही) माहीत आहे. खरी अडचण इथं आहे, आणि दलाल याच जागेवर उभा असतो. तो म्हणतो, "मी बसवून देतो दाखला." त्याच्या नादी लागू नका. खोटा दाखला पुढं तपासणीत निघाला तर पगार बंद होतो आणि दिलेले पैसे वसूल करायची नोटीस त्या बाईच्याच नावानं येते. दलालाला काही होत नाही.

त्याऐवजी खरी स्थिती कागदावर नीट मांडा. बहुतेक वेळा घोळ असा असतो की बाई एकटी राहते, स्वतःची चूल वेगळी, पण राशन कार्ड अजून मुलाच्या कुटुंबासोबत एकत्र. मग मुलाची कमाई तिच्या नावावर चढते. ती खरोखर वेगळी राहत असेल तर आधी राशन कार्ड विभक्त करून घ्या. घरटॅक्सच्या पावतीत किंवा घराच्या नोंदीत तिचं नाव असेल तर तेही जोडा. शेत कोणाच्या नावावर आहे ते सातबारा आणि आठ-अ काढून बघा. नवऱ्याच्या नावाचं दोन एकर वावर असेल आणि वारसांची नोंद अजून चढली नसेल, तर फेरफाराचा अर्जही याच वेळी पटवाऱ्याकडे द्या, नाहीतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

पटवाऱ्याचं नाव सरकारनं आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवीन नाव लिहा, बोलताना पटवारीच म्हणा. त्याच्याकडे तीन-चार गावं असतात. साझ्यावर, म्हणजे त्याच्या ऑफिसात, तो कोणत्या दिवशी बसतो ते कोतवालाला विचारा आणि फोन करूनच निघा. अतिवृष्टीचे पंचनामे सुरू असले की तो वावरात असतो, ऑफिसात सापडत नाही. जून-जुलैत सेतू केंद्रावर शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी असते. शक्य असेल तर ते महिने टाळा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना काकूलाही वेळ नसतो, तेव्हा तिची मजुरी बुडवून तिला नेऊ नका. जिथं तिची सही किंवा अंगठा लागत नाही तिथं एकटेच जा.

उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येतो. मुदत 15 दिवसांची आहे. सेवा केंद्रात अर्ज केला की मिळालेली पावती जपून ठेवा, त्यावरच्या क्रमांकावरून अर्ज कुठं थांबला ते 'आपले सरकार' पोर्टलवर दिसतं. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रात फी किती ते भिंतीवरच्या फलकावर लिहिलेलं असतं. जास्त मागितले तर पावती मागा.

आणखी एक: प्रत्येक कागदासाठी प्रतिज्ञापत्र करून आणा, नोटरी करा, राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणा असं अजूनही सांगितलं जातं. 2015 पासून बहुतेक दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच्या सहीची छायाप्रत चालते. शांतपणे विचारा, "साहेब, स्वयंघोषणापत्र चालते ना?" बहुतेकदा तेवढं पुरतं.

अर्ज देण्याचा दिवस

संपूर्ण अर्जाच्या दोन प्रती करा. पानांना क्रमांक टाका आणि पहिल्या पानावर जोडलेल्या कागदांची यादी लिहा. मूळ कागद कधीच देऊ नका, फक्त दाखवा. एक प्रत आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "पोच कशाले पायजे, आम्ही आहो ना," असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, पण तिथून हलूही नका. तरीही शिक्का मिळाला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं तहसीलदारांच्या नावानं पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच.

सेवा केंद्रातून ऑनलाइन भरला असेल तर भरलेल्या अर्जाची प्रिंट घ्या आणि मोबाइल नंबर कोणाचा टाकला ते बघा. केंद्रवाल्यानं स्वतःचाच नंबर टाकलेला असेल तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातील आणि काकू अंधारात राहील.

यानंतर पटवाऱ्याची चौकशी होते, नायब तहसीलदार छाननी करतात आणि अर्ज तालुका समितीच्या बैठकीसमोर जातो. चौकशीला पटवारी येईल तेव्हा काकू घरी असायला हवी. नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या बाबतीत ही चौकशी सगळ्यात नाजूक असते. तिच्याकडे कोर्टाचा कागद नसतो, आणि गावातले चार लोक सासरच्यांच्या भीतीनं गप्प बसतात. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया यांच्याशी आधी बोलून ठेवा आणि जबाब द्यायला तयार असलेल्यांना त्या दिवशी हजर ठेवा. तिच्याबाजूनं बोलणारं कोणी नसेल तर तुम्ही उभे राहा.

अर्ज हलत नसेल तर

पहिलं पाऊल साधं ठेवा. आवक क्रमांक आणि तारीख घालून एक ओळीचा अर्ज द्या: "माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली आणि त्रुटी असल्यास कोणती, ते लेखी कळवावे." यालाही पोच घ्या. त्रुटी एकदा लेखी आली की रोज नवीन कागद मागणं थांबतं. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या 2005 च्या कायद्यात कोणत्याही कर्मचाऱ्यानं फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवू नये असं म्हटलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला तर बरं.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, कार्डाची प्रत जोडा. अर्ज काकूच्याच नावानं करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. "अर्ज का अडवला?" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. कागद मागा: अर्जावरच्या टिपणीची प्रत, अर्ज कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे ती नोंद, समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं. प्रत्यक्षात माहितीचा अर्ज गेल्यावर फाइल बहुतेकदा अपिलाच्या आधीच सापडते.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथं ऐनवेळी जाऊन उपयोग नाही, अर्ज आधी द्यावा लागतो. आणि तहसीलच्या सगळ्या पोचा सोबत असल्याशिवाय जाऊ नका. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. प्रकरण कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर तालुका विधी सेवा समिती महिलांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील मोफत देते, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यांचा क्रमांक 15100.

मोठ्यानं बोलून काम लवकर होतं असा समज आहे. तहसीलीतल्या बाबूकडे दोन टेबलांचं काम असतं, हे खरंच आहे. त्याचं नाव विचारा, नमस्कार करा, पण कागद मागायचं सोडू नका. दोन्ही एकत्र जमतं.

मंजूर झालं, पण पैसे येत नाहीत

हे आता फार व्हायला लागलं आहे. मंजुरीचा आदेश हातात आहे, यादीत नाव आहे, आणि पासबुक कोरं. कारण पैसे आता थेट लाभ हस्तांतरणानं, आधार क्रमांकावरून येतात. तुम्ही अर्जाला जोडलेल्या पासबुकातच येतील असं नाही. ज्या खात्याला आधार 'सीडिंग' झालेलं आहे त्याच खात्यात ते पडतात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. काकूचं जनधनचं एक खातं, बचत गटासाठी उघडलेलं दुसरं, पोस्टमननं उघडून दिलेलं तिसरं. बँकेत "आधार लिंक आहे का?" विचारलं की "आहे" म्हणतात, पण लिंक असणं आणि थेट लाभासाठी सीडिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा. तिथं बँकेचं नाव दिसेल. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या, कित्येकदा चार-पाच महिन्यांचे पैसे तिथं पडून असतात. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, ते केवायसी करून आधी चालू करावं लागतं.

गावातल्या बँकमित्राकडे पैसे काढताना अंगठा लावला की मशीनची पावती घ्यायचीच, ही गोष्ट काकूला घट्ट सांगा. "अंगठा उठला नाही, पुन्हा लाव" असं म्हणून दोनदा अंगठा घेतला आणि पैसे एकदाच दिले, असे प्रकार घडतात. आयुष्यभर निंदणं-वेचणं केलेल्या हातांच्या रेषा खरंच झिजलेल्या असतात, अंगठा उठत नाही हे अनेकदा खरं असतं. तेव्हा डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय आहे का विचारा, नाहीतर बँकेच्या शाखेत जाऊन स्लिपवर काढा. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घेता येतात. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या.

लाडकी बहीण योजनेचा अर्जही भरला असेल तर लक्षात ठेवा, 1,500 रुपयांची दुसरी सरकारी मदत घेणाऱ्या बाईला ते पैसे मिळत नाहीत. दोन्ही चालू ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

चालू झालेला पगार बंद पडू नये म्हणून

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तारीख गावात दवंडीनं किंवा व्हॉट्सॲपवर कळते, कधी कळतही नाही, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शाखेत विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऑफिसात न्यायची वेळ येऊ देऊ नका. पटवाऱ्याला किंवा बँकेला घरी येऊन पडताळणी करायची विनंती लेखी द्या. काकू लेकीकडे नागपूरला किंवा पुण्याला जाऊन राहणार असेल तर जाण्याआधी हे काम उरकून घ्या, घराला कुलूप दिसलं की चौकशीत "आढळून आले नाही" असा शेरा पडतो. तो पडलाच असेल तर बंद झाल्याचं कारण लेखी मागा, काकूला घेऊन आधार कार्डासह तहसीलदारांसमोर हजर व्हा आणि पगार बंद झालेल्या महिन्यापासून चालू करावा, असं अर्जात स्पष्ट लिहा. थकलेले महिने अर्जात मोजून लिहिले नाहीत तर पुढच्याच महिन्यापासून सुरू करून फाइल बंद केली जाते.